देव आत आले की नाही

गुरुजींचा उजवा हात वर होता, डोळे अर्धवट मिटलेले आणि तोंड किंचित उघडं. मला वाटलं, ध्यान चाललंय. म्हणून मीही तुपात बुडवलेली दूर्वा गणपतीच्या छातीला टेकवून तसाच बसून राहिलो. प्राणप्रतिष्ठा म्हणजे मूर्तीत प्राण यायचा क्षण. तिथे घाई करायची नसते, एवढं मला कळतं. दंड भरून आला, मांडीला मुंग्या आल्या, तरी मी हललो नाही. इतकी एकाग्रता मला आयुष्यात पहिल्यांदाच साधत होती आणि त्याचं मला आतून कौतुकही वाटत होतं.

अकरा मिनिटांनी मुलगी जिना उतरून खाली आली. माझ्या खांद्यावरून लॅपटॉपकडे बघून म्हणाली, "बाबा, ही इज फ्रोझन."

मेलबर्नमधला दुसरा लॉकडाउन चालू होता. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, सामानाला घरातून एकानेच जायचं, कोणाला घरी बोलवायचं नाही. आमच्या ट्रुगानिना उपनगरातल्या रुग्णांचा आकडा रोज बातम्यांत असायचा, त्यामुळे आम्ही जरा जास्तच घाबरून होतो. दरवर्षी जिथून गणपतीची मूर्ती आणायचो ते दुकान सहा किलोमीटरवर. म्हणून यंदा शाडूसारखी दिसणारी माती ऑनलाइन मागवली आणि गणपती घरीच केला. धड मुलीने केलं, डोळे बायकोने रंगवले, सोंड माझ्याकडे दिली होती. बायकोने ती बघितली आणि म्हणाली, "बागेतला होजपाइप लावलायस का?" दूर्वा मात्र आमच्याच लॉनमधल्या. हिवाळ्याने पिवळ्या पडलेल्या, पण अस्सल.

गुरुजी पुण्याहून झूमवर. तिथे सकाळचे सात, इथे साडेअकरा. त्यांना मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला.

"हां यजमान, नेट गेलं होतं. करा सुरू, स्नानापासून घेऊ."

"गुरुजी, प्रतिष्ठा पूर्ण झाली का पण?"

"तुम्हाला कुठपर्यंत ऐकू आलं?"

"तुमचा उजवा हात वर होता तिथपर्यंत."

"उजवा?" गुरुजींनी विचारलं. मग म्हणाले, "तो मी पाण्याचा तांब्या घ्यायला उचलला असेल."

"म्हणजे मंत्र तुमचा म्हणून झाला होता?"

"माझा इकडे झाला होता. तुमच्याकडे कितपत पोचला ते मी कसं सांगू? भाव महत्त्वाचा, यजमान. चला, माझं पुढचं सिंगापूर आहे पावणेआठला."

स्नान, वस्त्र, गंध, फुलं, मोदक, आरती सगळं यथासांग झालं. मुलीने टाळ म्हणून दोन चमचे वाजवले. पण माझ्या मनातून ते जाईना. देव आत आले की नाही?

एरवी मी हा विचार करत बसलो नसतो. अडचण निर्माण केली ती हीटिंगने. इथल्या घरांत जमिनीला जाळ्या असतात आणि त्यांतून गरम हवा वर येते. आम्ही गणपती पूर्वेच्या भिंतीला बसवला आणि पाट बरोबर जाळीशेजारी आला. आरती होऊन तासभर झाला असेल, बायको जवळ गेली आणि म्हणाली, "अरे, तुझ्या सोंडेला तडा जातोय."

"माझ्या नाही, गणपतीच्या."

"केलीस तू ना? मग तुझ्याच. सरकव त्याला तिकडे, खिडकीपाशी."

आता, एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजा होईपर्यंत मूर्ती जागची हलवत नाहीत. हे मी बायकोला सांगितलं.

"तूच म्हणतोस ना, झाली की नाही माहीत नाही."

"हो. म्हणून तर हलवता येत नाही."

"नसेल झाली तर हलव."

"आणि झाली असेल तर?"

"मग सोंड गळून पडू दे."

मी सोफ्यावर बसून विचार करू लागलो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. एखादी गोष्ट पूर्ण झाली की नाही हे ठरवायचा पगार घेतो. इथे माझ्यासमोर एक मातीची वस्तू होती, जिच्यावर मी स्वतः तीन संध्याकाळी सँडपेपर मारला होता, आणि तिला दोन फूट उजवीकडे सरकवायचा माझा हात होत नव्हता. शेवटी मी उठलो आणि भिंतीवरचं बटण दाबून सगळ्या घराचं हीटिंगच बंद केलं. ऑगस्टमध्ये, मेलबर्नमध्ये. आमच्यात दीड दिवसाचा गणपती, म्हणजे उद्या दुपारपर्यंतचाच प्रश्न होता.

मुलगी वरून ओरडत आली, "हू टर्न्ड ऑफ द हीटिंग?" मी कारण सांगितलं. ती शेवटच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "बाबा, हाच माझा टॉपिक आहे."

इथे थोडं मागे जायला हवं. मुलगी युनीत दुसऱ्या वर्षाला. इंजिनिअरिंग. ते तिने घेतलं कारण मी घे म्हणालो, आणि मी म्हणालो कारण मला दुसरं काही माहीत नव्हतं. त्या सेमिस्टरला बाहेरच्या विभागातला एखादा विषय घ्यायची मुभा होती. तिने घेतला सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास. मला वाटलं, सोपा असेल, मार्क मिळतील. तीन आठवड्यांनी ती जेवताना म्हणाली, मला इंजिनिअरिंग सोडून प्राचीन इतिहासाला जायचंय. माझा घास तसाच राहिला. मी पुष्कळ बोललो. इतिहास वाचायला लायब्ररीचं कार्ड पुरतं, डिग्री कशाला, असंही बोललो. शेवटी स्वतःला फार न्यायी समजून एक अट घातली, की त्या विषयात काय आहे ते मला समजावून दे. पहिल्यापासून शेवटपर्यंत मला कळलं, आणि झोप आली नाही, तर मी आडवा येणार नाही. विषय बदलायची शेवटची तारीख आठवड्यावर आली होती. सोमवारी तिचं वर्गात प्रेझेंटेशन होतं, आणि त्याचा प्रश्न होता: येशू देव आहे असं त्याच्या लोकांना नक्की कधीपासून वाटायला लागलं?

आम्ही तिघं जॅकेट घालून गणपतीसमोर बसलो. बायकोने मांडीवर पांघरूण घेतलं.

"यात काय कठीण आहे?" मी सुरुवातीलाच म्हणालो. "अवतार. देव वरून खाली आला, काम केलं, परत गेला. संपलं. आपल्याकडे दहा आहेत."

"नो, बाबा. हीच तर सगळ्यात मोठी चूक आहे. तू ते आपल्या घरातून बघतोयस. ते लोक ज्यू होते. त्यांच्यात देव एकच, त्याची मूर्ती नाही, आणि केलेल्या, घडवलेल्या कशाहीपुढे वाकायचं नाही. मातीपुढे तर नाहीच."

मी नकळत गणपतीकडे बघितलं. वाटलं, याच्यासमोर हे बोलायला नको होतं.

"आणि त्यांच्या आजूबाजूला कोण?" ती पुढे म्हणाली. "रोमन. त्यांच्यात माणसाचा देव होणं एकदम नॉर्मल. सम्राट मेला की सेनेटमध्ये ठराव व्हायचा, की हे आता देव झाले. कोणीतरी शपथेवर सांगायचं की मी त्यांना वर आकाशात जाताना पाहिलं. मग देऊळ, पुजारी, सगळं. आणि गादीवर बसलेला मुलगा स्वतःला देवाचा पुत्र म्हणवायचा. नाण्यांवर तसं लिहिलेलं असायचं."

"ठराव? मतदान घेऊन?"

"हो."

"अनुमोदक वगैरे?"

"बाबा."

"नाही, आपल्या मंडळात खजिनदार ठरवायला चार मीटिंग लागल्या, म्हणून विचारलं."

बायको म्हणाली, "तिला बोलू दे. अटीत मधे बोलायचं नव्हतं."

"अटीत झोपायचं नव्हतं."

मुलगी हळूहळू मराठी सोडून इंग्रजीत शिरली, परत मराठीत आली, आणि मला जे कळलं ते असं. ज्यूंचा देव एकच खरा, पण तो अगदी एकटा बसलेला नव्हता. त्याचे देवदूत होते. त्यातला एखादा त्याचं नावही वागवायचा. जग घडवताना त्याच्याशेजारी त्याचं शहाणपण उभं होतं, असं ते एखाद्या बाईबद्दल बोलावं तसं बोलायचे. एखादा फार सज्जन माणूस सदेह वर उचलला जायचा. म्हणजे जिना होता, पायऱ्याही होत्या. फक्त सगळ्यात वरच्या पायरीवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही.

"आणि मग या लोकांनी येशूला तिथे बसवलं," ती म्हणाली. "प्रश्न एवढाच, की कधी. काही जुनी वाक्यं आहेत त्यात असं वाटतं, की देवाने त्याला मेल्यावर उठवलं आणि तेव्हा पुत्र केलं. मग बायबलमध्ये त्याच्या आयुष्याच्या चार कथा आहेत. एकीची सुरुवात नदीतल्या बाप्तिस्म्याने होते, आकाशातून आवाज येतो, हा माझा मुलगा. दोन कथा त्याच्या जन्मापर्यंत मागे जातात. आणि चौथी म्हणते, तो जगाच्या आधीपासूनच होता, देवाचा शब्द म्हणून."

मला एकदम दिसलं. मी म्हणालो, "व्हर्जन वन, टू, थ्री, फोर. प्रत्येक रिलीजला तारीख मागे ढकलत गेले. कळलं मला. पास."

"नाही कळलं."

"का?"

"कारण ती सरळ रेषा नाहीये. या लोकांनी एकमेकांना लिहिलेली सगळ्यात जुनी जी पत्रं आहेत, या कथांच्याही आधीची, त्यात ऑलरेडी लोक त्याच्या नावाने प्रार्थना करतायत, तो आधी देवाच्या रूपात होता म्हणून गातायत. तुझं व्हर्जन फोर व्हर्जन वनच्या आधी आहे, बाबा."

टेस्टर माणसाला याहून वाईट बातमी नसते. मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. खोलीत तोंडातून वाफ दिसायला लागली होती.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "मग त्यांच्यातही कोणालाच माहीत नव्हतं, कनेक्शन नक्की कुठे तुटलं ते."

मुलगी हसली नाही. तिने वही ओढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

रविवारी दुपारी उत्तरपूजा केली. त्यात मूर्ती जागेवरून जराशी हलवायची असते. ती हलवताना मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच जाऊन हीटिंग लावून आलो आणि मग उरलेल्या अक्षता वाहिल्या. मागच्या अंगणात बादलीत विसर्जन झालं. शेजारचे कुंपणावरून हात हलवून "ऑल गुड, मेट?" म्हणाले. मी "ऑल गुड" म्हणालो. सोंड शेवटपर्यंत विरघळली नाही. ती मी फारच घट्ट दाबून केली होती.

सोमवारी मुलगी म्हणाली, "तू प्रेझेंटेशनला खोलीत बसू शकतोस. कॅमेऱ्यात यायचं नाही. बोलायचं नाही. खोकायचं असेल तर बाहेर."

मी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये 'फॅमिली अपॉइंटमेंट' टाकून तासभर अडवला आणि तिच्या लॅपटॉपमागे खाली जमिनीवर बसलो. बायको दारात, धुतलेले कपडे घडी करत. पडदा मला दिसत नव्हता, मुलीचा चेहरा दिसत होता.

ती इंग्रजीत बोलत होती. रोम झालं, जेरुसलेम झालं, सेनेटचा ठराव झाला. मग ती म्हणाली, "मी तुम्हाला परवाची एक गोष्ट सांगते. माझ्या वडिलांनी एक मातीची मूर्ती केली." आणि तिने सगळं सांगितलं. अकरा मिनिटं सांगितली, तांब्या सांगितला, सोंड सांगितली. मला उठून जावंसं वाटलं, पण उठलो असतो तर कॅमेऱ्यात आलो असतो.

"मग हलवली का त्यांनी?" ट्यूटर बाईंनी विचारलं.

"नाही. त्यांनी हीटिंग बंद केलं आणि दोन जॅकेट घातली."

मुलीने नंतर सांगितलं की सगळा वर्ग हसला, पण सगळे म्यूटवर असल्यामुळे नुसते वीस चौकोनांत वीस जणांचे दात दिसले.

"माझ्या वडिलांना विचारलं असतं की देव आत आहे का," ती पुढे म्हणाली, "तर ते म्हणाले असते, माहीत नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण वागले ते असल्यासारखे. मला वाटतं, त्या पहिल्या लोकांचंही असंच झालं असणार. आधी ते त्याच्या नावाने प्रार्थना करायला लागले, त्याला प्रभू म्हणायला लागले, जेवायला एकत्र बसल्यावर त्याची आठवण काढायला लागले. आपण हे नक्की काय करतोय, ते शब्दांत मांडणं नंतर आलं. त्याला कितीतरी पिढ्या भांडावं लागलं."

ट्यूटर बाईंचा आवाज प्रेमळ होता, पण त्या सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "गोष्ट छान आहे. पण ही तुलना फारच सोयीची नाही का? तुझ्या घरात मातीत देव येणं मान्यच आहे. त्यांच्या घरात तेच तर मना होतं."

मी मुलीकडे बघितलं. दोन वर्षांत मी तिला इंजिनिअरिंगची गणितं करताना कितीदा पाहिलं होतं. तेव्हा तिचा चेहरा बस उशिरा येणार हे कळलेल्या माणसासारखा असायचा. आता ती खुर्चीत पुढे सरकली. नोट्सचे कागद तिच्या मांडीवरून खाली घसरले आणि तिला ते कळलं नाही.

"हो," ती म्हणाली. "तुलना इथेच मोडते, आणि मला ती इथेच मोडायला हवी होती. आमच्याकडे अजून एक देव आला तर कोणाचं काही बिघडत नाही, आम्ही एक मोदक जास्त ठेवतो. रोमनांचंही तसंच. पण या लोकांनी सम्राटापुढे चिमूटभर धूप जाळायला नकार दिला असता, इतके ते एकाच देवाचे होते. आणि त्यांनीच त्या एका देवाच्या शेजारी अशा माणसाला बसवलं, ज्याला सरकारने गुन्हेगार म्हणून क्रुसावर ठोकून मारलं होतं. रोमनांच्या दृष्टीने हा देव होण्याच्या लायकीचा नाही, कारण हा हरलेला. ज्यूंच्या दृष्टीने कोणीच त्या लायकीचं नाही. दोन्हीकडून चूक. तरी त्यांनी ते केलं, आणि एक देव सोडलाही नाही. ते कसं जमवलं, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून मला हे पुढे शिकायचंय."

शेवटचं वाक्य ती पडद्याकडे बघून म्हणाली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली.

मी मान हलवली. तेवढ्याने भागणार नाही असं वाटून परत हलवली. बायकोने घडी केलेला टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घडी केला.

चहाच्या वेळी मी व्यवस्थित बोलायचं ठरवलं होतं. काही वाक्यंही जमवून ठेवली होती. आमच्या पिढीला निवड नव्हती, आम्ही व्हिसाच्या यादीत ज्याला पॉइंट होते ते शिकलो, तुझ्यावर तशी वेळ नाही, वगैरे. मुलगी कप घेऊन उभी होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हे बघ, मला झोप आली नाही."

"ओके."

"म्हणजे, तू जा तिकडे. इतिहासाला."

"थँक्स, बाबा," ती म्हणाली आणि वर गेली. माझी बाकीची वाक्यं तशीच राहिली. वरून तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ कोणाशी तरी फोनवर भरभर बोलण्याचा.

मी बायकोला म्हणालो, "एवढंच? मला वाटलं होतं निदान मिठी मारेल."

"तिने फॉर्म कधीच भरून ठेवलाय," बायको म्हणाली. "दहा दिवस झाले. फक्त सबमिट दाबलं नव्हतं."

"का?"

"तू हो म्हणायची वाट बघत होती."

"आणि तुला माहीत होतं? मग मला त्या थंडीत का बसवलंस?"

बायकोने सिंकमध्ये कप विसळला, पालथा घातला आणि हात पुसले.

"हो म्हणालास ते बरं केलंस," ती म्हणाली. "आता नात इंजिनिअरिंग सोडून येशूवर शिकणार आहे, हे पुण्याला फोन करून तुझ्या आईला तू सांगायचंस. मी त्या वेळी वॉकला गेलेली असेन."